सात नंबरचा खांब

संपादक महाशय, तुमच्या या सदरात लोक पांढऱ्या साडीतल्या बाया आणि उलट्या पायांची माणसं लिहून पाठवतात, ते मी दर महिन्याला वाचतो आणि दर महिन्याला चिडतो. आमच्या हिला विचारा. कोणी अशी गोष्ट सांगायला लागलं की मी पान अर्धं चघळलेलं टाकून उठतो. भूत, भानामती, अंगात येणं... माझा कशावर कवडीचा विश्वास नाही. नव्हताच कधी. मी सगळा जन्म सिमेंट, रेती आणि लोखंड यांत काढला. या तिघांना देव नसतो आणि भूतही नसतं.

मग हे पत्र कशाला लिहितोय म्हणाल, तर माझ्या कपाटात एक कागदाची पुडी आहे. ती मला चाळीस वर्षं छळते आहे. आता माझे दिवस थोडे राहिले, तेव्हा एकदा सांगून मोकळा होतो. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

लढाईचे दिवस होते, दुसऱ्या महायुद्धाचे. मी अमरावतीच्या एका ठेकेदाराकडे ओव्हरसियर होतो. वय सव्वीस, आणि डोक्यात अशी हवा की विचारू नका. वाशीमला मालेगावच्या रस्त्यावर एक जिनिंग फॅक्टरी होती (तिला सगळे जीन म्हणत, तिथे कापसातून सरकी वेगळी करत), तिला उन्हाळ्याच्या तोंडाशी आग लागली होती. (वाशीम आणि हे मालेगाव दोन्ही अकोला जिल्ह्यातली, नाशिककडचं मालेगाव नव्हे.) यंत्रातून ठिणगी उडाली, खाली सरकी काढलेल्या रुईचा ढीग पडला होता, तो दिवसभर धुमसत राहिला. माणूस कोणी दगावलं नाही, दुपारच्या सुट्टीत सगळे बाहेर होते. इमारत मात्र भाजून निघाली. नव्या पद्धतीची इमारत होती, काँक्रीटची. खाली एक लांबलचक दालन, त्याच्या मधोमध एका रांगेत चौदा खांब, आणि त्या खांबांवर वरच्या मजल्याचा स्लॅब.

दसऱ्यानंतर कापूस यायला लागतो, त्याच्या आत जीन उभं करून द्यायचं होतं. सिमेंट तर लढाईमुळे परमिटवर. आम्हाला मिळालं होतं ते मोजून चार खांबांपुरतं. म्हणजे माझं काम एकच... चौदांतले मेलेले चार कोणते, ते हुडकायचं. चांगला खांब फोडला तर सिमेंट वाया. आणि मेलेला तसाच ठेवला, तर शेजारचा फोडताना सगळा स्लॅब खाली उभ्या माणसांच्या डोक्यात. सहा मजूर, मिस्त्री आणि मी असे आठ जण त्या स्लॅबखाली काम करणार होतो.

आता हे हुडकतात कसं, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. काँक्रीट भाजलं की दोन खुणा दिसतात. एक आवाज. हातोडी मारली की चांगला खांब टणटणीत वाजतो, भाजलेला बद्द बोलतो. दुसरी खूण रंग. आमच्याकडच्या रेतीचं काँक्रीट खूप तापलं की आतून गुलाबी होतं, आणि एकदा गुलाबी झालं की झालं. ते पुन्हा राखाडी होत नाही. भाजलेली वीट पुन्हा माती होते का? तसंच. म्हणून संशय आला की छिन्नीने भोक पाडायचं आणि गुलाबी रंग किती आतवर गेलाय ते बघायचं. सळयांपर्यंत गेला असेल तर खांब बाद.

माझ्याबरोबर रहीम मिस्त्री होते. वाशीमचेच, पन्नाशीचे. त्यांचा कान असा तयार की खांबावर नुसती टिचकी मारून सांगायचे. मी त्यांना चाचा म्हणायचो. माझ्या हाताखालचे असले तरी माझ्यापेक्षा त्यांना चौपट कळत होतं, आणि हे मला तेव्हा कबूल नव्हतं.

गुरुवारी आम्ही पूर्वेच्या दारापासून सुरुवात केली. प्रत्येक खांबावर खडूने नंबर टाकत, वाजवत, वहीत लिहीत पुढे सरकलो. सात नंबरपाशी आलो तर खांबाच्या पायथ्याशी शेंदूर. चांगला तेलात कालवलेला, थरावर थर. वर दोन सुकलेली झेंडूची फुलं.

"हे काय चाचा?"

"सटवाई हाय साहेब," चाचा म्हणाले. "बायांची."

तेवढ्यात ती बाई आलीच. गिरजा तिचं नाव. जिनात सरकी वेचायच्या कामाला होती, आणि आता आमच्याकडे मलबा उचलायला लागली होती. चार वर्षांपूर्वी ऐन सीझनमध्ये ती इथेच, या खांबाशी बाळंत झाली होती. घरी जायलाही वेळ मिळाला नाही. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, तर बाकीच्या बायांनी इथेच पुजली, या खांबालाच सटवाई मानून. आधीची दोन लेकरं गेली होती तिची. ही मुलगी जगली. तेव्हापासून जिनातल्या सगळ्या बाया आपल्या लेकरांसाठी या खांबाला शेंदूर लावायच्या. मला हे ऐकून हसू आलं. काँक्रीटच्या खांबाची सटवाई!

"सरक बाई जरा," मी म्हणालो, आणि हातोडी मारली.

बद्द.

पुन्हा मारली, वर, खाली, मागून. बद्द, बद्द. चाचांनी मारून बघितली आणि मान हलवली. "गेला साहेब हा. आवाज सुनला ना तुमी?" मग मी स्वतः छिन्नी घेतली. छातीच्या उंचीवर चार बोटं खोल भोक पाडलं. आत गुलाबी... थेट सळईपर्यंत गुलाबी. सळईच्या पिळाचा ठसा उमटलेले दोन-तीन तुकडे निघाले, ते मी कागदात बांधले आणि वर लिहिलं, 'सात'. भोक पाडताना पांढरी धूळ खाली शेंदरावर पडली. गिरजा पुढे झाली आणि पदराने ती पुसायला लागली. हे मला आज समोर दिसतंय. तिचा पदर हिरवा होता.

"साहेब, हा खांब नका फोडू जी," ती म्हणाली. "दुसरा कोनता बी फोडा. माह्या पोरीची माय हाय ते."

"अगं, हाच मेलाय. हा ठेवला तर माणसं मरतील."

"माह्यं ऐका ना जी. ते नाई मरत. तिनं माही पोट्टी राखली."

मला राग आला. खरं सांगायचं तर मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, तुझी सटवाई शनिवारी सकाळी पहिली फोडणार, बघच तू. ती पाटी उचलून निघून गेली. आठ नंबर वाजवला, तो टणटणीत. वहीत लिहिलं, 'सात बाद, आठ पक्का.' पुढे अकरा, बारा आणि तेरा हे तीन बाद निघाले. चार मेलेले, चार खांबांचं सिमेंट. माझा हिशेब असा चोख बसला की मी खुश झालो.

शुक्रवारी चाचांचा जुम्मा, म्हणून काम बंद. दालनाला दोन दारं होती, दोन्हींना कुलूप, आणि दोन्ही किल्ल्या माझ्या कोटाच्या खिशात. मी दिवसभर फॅक्टरीच्या आवारातल्या खोलीत बसून रिपोर्ट लिहीत होतो. खिडकीतून पूर्वेचं दार समोर दिसत होतं. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही.

शनिवारी सकाळी मजूर आले. मी कुलूप काढलं. लाकडी बल्ल्या आणल्या, सात नंबरच्या भोवती टेकू लावायला सुरुवात केली. चाचा खांबापाशी गेले आणि तिथेच थांबले.

"साहेब... भोक कुठं हाय?"

"काय?"

"आपन पाडलेलं भोक. दिसत नाई ना."

मी गेलो. हात फिरवला. खांब सपाट! छातीच्या उंचीवर, वर, खाली, चारी बाजूंनी सपाट. आगीचा धूर बसलेला होता तो तसाच बसलेला. एका कोपऱ्यात कोळ्याचं जुनं जाळं होतं, तेही अखंड. पायथ्याला शेंदूर. खडूचा आकडा, माझ्या हातचा, सात.

अहो, माझं डोकं फिरलं. पहिल्यांदा मी काय केलं असेल? चाचांवर खेकसलो. "तुम्ही भरलंत! त्या बाईच्या सांगण्यावरून भोक बुजवलंत ना? खरं सांगा!"

चाचांचा चेहरा पडला. "पोराची कसम साहेब. कुलपाची चाबी तुमच्यापाशी. मी कायले भरू? अन् ताजा मसाला असा काळा दिसते का?"

बरोबरच होतं त्यांचं. ताजं सिमेंट लगेच ओळखू येतं, त्यावर चार महिन्यांचा धूर कोण बसवणार? मी हातोडी घेतली आणि मारली.

टण्!

देवळातल्या घंटेसारखा वाजला तो. मी चारी बाजूंनी मारत सुटलो. टण्, टण्, टण्. मजूर हात थांबवून बघत राहिले. मी वही काढली. माझं अक्षर: 'सात बाद.' कोटाच्या खिशातून पुडी काढली. गुलाबी तुकडे, सळईचा ठसा, सगळं जिथल्या तिथे. मग हे तुकडे निघाले कुठून?

चाचा हळूच म्हणाले, "साहेब, आपन उलटीकडून तर नाई मोजलं? चौदा खांब हायेत. इकडून सातवा, तो तिकडून आठवा."

मी म्हणालो, शेंदूर इथे आहे ना चाचा, शेंदरावर धूळ पडली होती ना? तरी आम्ही चौदाच्या चौदा खांब बघितले, हातोडी न लावता, नुसते भोकासाठी. सात नंबरच्या भोकाचा कुठेच पत्ता नाही. अकरा, बारा, तेराची भोकं आपापल्या जागी होती.

आता माझ्यापुढे प्रश्न असा... वहीवर विश्वास ठेवायचा की कानावर? जिनाचे दिवाणजी दारात उभे होते, घाई करत होते. "अहो ओव्हरसियर, बघून काय राह्यले? फोडा ना!" आणि मी, सांगायला लाज वाटते, मी म्हणालो, "फोडा. वहीत लिहिलंय ते खरं." एकदा लिहिलेलं मागे घ्यायचं नाही, असा माझा तोरा. दोन मजूर पहारी घेऊन पुढे आले. मी टेकूंच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

चाचांनी पहार धरून ठेवली. "नाई साहेब. असा वाजनारा खांब मी नाई फोडू देत. नोकरीवरून काढा मले. पयले आजूबाजूचे पुन्हा पाहू, मंग काय ते करा."

त्यांनी मला, आपल्या साहेबाला, चारचौघांत अडवलं म्हणून मला इतका संताप आला की मी तरातरा आठ नंबरकडे गेलो. तो पक्का आहे हे दाखवून त्यांचं तोंड बंद करायचं होतं. हातोडी उचलली आणि मारली.

आवाजच आला नाही. हातोडी आत गेली.

खांबाची एक अख्खी बाजू, पुरुषभर उंचीची, सुटून माझ्या पायाशी पडली. आत सगळं गुलाबी... गुलाबी आणि भुसभुशीत, आणि सळया बाहेरच्या बाजूला वाकलेल्या. वरून कर्र् असा आवाज झाला. "भागा!" चाचा ओरडले. आम्ही आठही जण दारापर्यंत कसे पोचलो ते मला आठवत नाही. मागे बघितलं तर आठ नंबर गुडघ्यातून बसला होता, स्लॅबला भेग गेली होती आणि तो दोन बोटं खाली आला होता. तिथेच थांबला. कारण सात नंबर उभा होता. त्या बाजूचा सगळा भार त्या एका खांबाने धरून ठेवला होता.

आम्ही सात फोडला असता तर? हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको. टेकू होते ते सातच्या भोवती, आणि त्यांची ताकद आठ उभा आहे असं धरूनच मोजलेली. दिवाणजी दारातच मटकन खाली बसले. एक मजूर रडायला लागला. मला पुन्हा आत जायला तासभर लागला.

रिपोर्टात मी काय लिहिलं? खोटं लिहिलं. 'सात व आठ या आकड्यांची लिहिताना अदलाबदल झाली' असं लिहून सही ठोकली. आणखी काय लिहिणार होतो? आठ, अकरा, बारा, तेरा फोडले, नवे ओतले. सिमेंट बरोबर पुरलं. दसऱ्यानंतर जीन सुरू झालं.

इथवरचं सगळं, मनाला समजवायचं म्हटलं तर समजवता येतं. थकलो होतो, चुकलो, भास झाला... पण खरी गंमत पुढेच आहे. गंमत कसली!

निघायच्या दिवशी मी गिरजाला शोधून काढलं. सात नंबरपाशीच होती, ताजा शेंदूर लावत होती. मी म्हणालो, "बाई, तू जिंकलीस. पण मला एक सांग, त्या गुरुवारी मी भोक पाडलं, तुझ्या शेंदरावर धूळ पडली, तू पदराने पुसलीस. आठवतं ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "धूळ तं शनिवारी पडली जी. बाजूचा खांब फुटला तवा. गुरुवारी कुठं काय पडलं?"

"अगं, मी भोक पाडलं ना! तू म्हणालीस, फोडू नका. मी तुझ्यावर ओरडलो."

"नाई जी. तुमी कायले ओरडान माह्यावर? तुमी तं लय चांगले बोलले." ती हसली. "तुमी हातोडी खाली ठेवली, अन् खांबाले हात लावून उभे राह्यले. डोये मिटून. लय वेळ. मले वाटलं, साहेबाले चक्कर येऊन राह्यली का काय. मंग तुमी म्हनले, याले कोनी हात लावू नका."

मी असं बोललो? मी? अहो, मी तेव्हा सख्ख्या आईशी इतकं नीट बोलत नव्हतो!

बाहेर येऊन चाचांना विचारलं. त्यांनी दाढी खाजवली. "मी तं बद्द आवाज आयकला साहेब. भोक बी पायलं. पुडी बी हाय तुमच्यापाशी." मग म्हणाले, "पन ते बाई खोटं कायले बोलंल?"

तेच तर. खोटं बोलून तिला काय मिळणार होतं? बरं, ती म्हणते ते खरं धरावं, तर पुडीतले तुकडे कुठले? आणि आमचं खरं धरावं, तर भोक गेलं कुठे? मी आजवर दहा तऱ्हांनी विचार केला. शेंदराचं तेल मुरून काँक्रीट गुलाबी दिसलं असेल, असंही वाटलं. म्हणून तुकडा रॉकेलमध्ये महिनाभर बुडवून ठेवला, पण रंग तसाच राहिला. माझी मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. तिने तुकडा बघितला आणि म्हणाली, "बाबा, हे विटेचं आहे." मी तिला सळईचा ठसा दाखवला. तिने तो उलटसुलट करून बघितला, पुन्हा पुडीत बांधला आणि परत दिला.

तेव्हा कोणाला याचा उलगडा होत असेल तर जरूर कळवा. फक्त मला 'श्रद्धा' आणि 'शक्ती' असले शब्द लिहून पाठवू नका, मी अजूनही तितकाच चिडखोर आहे. सटवाईवर माझा आजही विश्वास नाही.

पण एक कबूल करतो. त्यानंतर तीसेक वर्षं मी नोकरी केली, जळालेल्या किती इमारती तपासल्या ते मोजलं नाही. हातोडी वाजवली, भोकं पाडली, वह्या भरल्या. आणि प्रत्येक वेळी, सही करायच्या आधी, हातोडी खाली ठेवली, खांबाला तळहात लावला आणि डोळे मिटून उभा राहिलो. मागे मजूर हसायचे. काय ऐकायचं असतं ते मला कधी कळलं नाही, आणि कधी काही ऐकूही आलं नाही. तरी हात लावल्याशिवाय सही करायचा मला धीर झाला नाही. त्या शनिवारी संध्याकाळी आठ माणसं आपापल्या पायांनी घरी जेवायला गेली, आणि त्यांतला एक मी होतो.